खांबाबाहेरचा आकडा

सोमवारी परळच्या ऑफिसात
मी टीमचा आलेख काढते:
कोणाला किती फॉलोअर.
स्ट्रायकर ग्लेन्विलचा खांब
कागद फोडून वर जातो.
केसांचा रंग बदलला की
एका रात्रीत पन्नास हजार.

ओंद्रेय ह्रिव्नाक, स्लोव्हाकिया, डावा बचाव:
खांब इतका बुटका
की आकडा आत मावत नाही,
शेजारी लिहावा लागतो.
चार हजार दोनशे अकरा.

त्याने वाकून पाहिलं, हसला.
"एवढे? आमच्या गावात
माणसंच नऊशे."

मग कूपरेजवर सरावाला गेला.
बाहेर निघालेला चेंडू
चुन्याच्या रेषेवरून ओढून आणतो तो;
तोवर कॅमेरा
ग्लेन्विलच्या केसांकडे वळलेला असतो.

रात्री घरी मी बटण दाबलं.
बारा.

खांब तेवढाच.