आठ बाय दहा

सकाळी सव्वानऊला हिंमत आला.
बातमी त्याच्या आधीच आली होती,
समोरच्या रसवंतीवाल्याने चाक फिरवायच्या आत
मला दोनदा सांगून टाकली होती.
"आठ बाय दहाचा फ्लेक्स," हिंमत म्हणाला,
"त्याचा थोबडा मोठा, वर लाल फुली,
खाली मंडळाची नावं. आणि ठिपके नको दिसायला."

ठिपके नकोत, म्हणजे फोटो तसा हवा.
मिळाला. पाहिजे तेवढा मोठा मिळाला.
माणूस मोठा करत नेला की आधी कातडी येते.
डाव्या भुवईत एक जुनी खोक,
दाढीत एक पांढरा केस, भलतीकडेच वळलेला,
आणि डोळ्यांखाली सूज,
माझ्या डोळ्यांखाली लगनसराईत येते तशी.
मी फुली जरा जाड केली.

बाहेर फटाके, दिवाळीचे उरलेले,
दहातले चार फुसके.
दगडी दरवाज्यापर्यंत पेढे वाटले, संपले तेव्हा साखर.
तो कसा मेला ते अमळनेरात सगळ्यांना ठाऊक होतं:
कुणी म्हणे झोपेत, कुणी म्हणे जिन्यावर,
एकाने तर गोळ्या मोजून सांगितल्या.

वाहिद पिंजारी गादीला टाके घालत होता.
घोळका त्याच्या दुकानापुढे रेंगाळला.
कुणी काही विचारलं नाही,
नुसतेच थांबले.
त्याने सुई गादीत खोचली, उठला,
पेढा घेतला, खाल्ला, बोटं चाटली,
म्हणाला, "चांगलं झालं."
मग पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने.
तेव्हा पुढे गेले.
मीही काचेतून बघत होतो,
तो गिळतो का ते.
पंचवीस वर्षं माझ्या घरच्या उशा वाहिद भरतो.

केवळबाई आली तेव्हा मशीन अर्ध्यावर होतं,
कपाळ, भुवया, डोळे.
नाक यायचं होतं.
तिच्यामागे पेपरचा पोरगा, फोन पुढे धरून:
"मावशी, योगराजला न्याय मिळाला असं वाटतं का?"
"मरना का तो? बरं व्हयनं."
पोरगा थांबून राहिला, अजून काही येईल म्हणून.
"पण नेमकं काय वाटतंय?"
तिने विचार केला, खरंच केला,
"भूक लागली बाबा. सकाळपासून माणसं येताहेत,
तवा ठेवता आला नाही."
हे काही त्याने लिहून घेतलं नाही.

मला म्हणाली, "त्याचा फोटू आहे ना तुझ्याकडे?
माझ्या पिशवीतला पुसत चालला."
आहे. तीन कॉम्प्युटर बदलले, तो फोल्डर पुढे येत गेला,
'योगराज फायनल दोन',
श्रद्धांजलीचा, चार बाय तीन.
मुंबईला मुलाखतीला गेला त्या आठवड्यातला,
नवीन शर्टाची घडी अजून छातीवर दिसते.
"जरा मोठा कर," ती म्हणाली.
मी केला.
कॉलेजच्या ओळखपत्रावरून घेतलेला तो,
नखाएवढा.
कान गेले, मग ओठ गेले,
पडद्यावर नुसते चौकोन राहिले, राखाडी, तपकिरी.
मी लहान केला, तेव्हा योगराज परत आला.
"असाच दे," ती म्हणाली.

फोटो पदराच्या टोकात बांधत
तिने मशीनकडे पाहिलं.
"हाच का?"
"हो."
"केवढा छापतोस रे!"
मग जवळ जाऊन कडेचं कापड बोटांनी चाचपलं,
भाजी घेताना देठ चाचपतात तसं.
"चार दिवसांनी उतरवतील ना?
मग हिंमतला सांगून ठेव. माझ्या शेळ्यांना
मागच्या बाजूने वारं लागतं."
"यावर फुली आहे," मी म्हणालो, उगाच.
"त्याने वारं थांबत नाही का?"

गेली ती.
फोटोचे पैसे मी घेतले नाहीत,
ती दहाची नोट माऊसखाली ठेवून गेली.

हिंमतला अजून विचारलेलं नाही.
मशीन हनुवटीशी आलंय,
शाई लाल संपत आली आहे.