पाच वाजून दहा मिनिटं

एक कण आहे माझ्याकडे.
कॅल्शियमचा. चुन्याचा नातलग म्हणा.
पोकळीत टांगलेला, कशालाच न टेकता,
लेसरने गारठवून गप्प बसवलेला.
कॅमेऱ्यात त्याचा निळा ठिपका दिसतो:
टाचणीने कागदाला भोक पाडून
पलीकडे दिवा धरावा, तेवढा.

आई रविवारी लिएन्झहून फोन करते.
झाला का तुमचा संगणक तयार?
मी म्हणते, हो-नाही करता करता होईल.
तिला वाटतं, टाळतेय.
सहा वर्षांच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन
मला अनुदानाच्या अर्जातही जमलेलं नाही.

हो आणि नाही, दोन्ही त्याने एकदम धरून ठेवायचं,
जमेल तितका वेळ,
आणि आपण विचारायचं नाही.
विचारलं की काहीतरी एक सांगून तो मोकळा होतो.
मोजलं की मोडलं.
मोडायच्या आधीची ती एवढीशी मुदत
आम्ही ताणत बसतो,
हजारदा मोडून, हजारदा मांडून.

नोव्हेंबरात तो पहाटे बिघडायला लागला.
रोज, पाच वाजून दहा मिनिटांनी.
फार नाही. आलेखात एक खड्डा.
सोमवार ते शुक्रवार.
कोर्बिनियान म्हणाला, लिफ्ट.
लिफ्ट बंद ठेवून पाहिली.
मग ट्राम. वेळापत्रक आणलं, जुळेना.
मग फ्योन, दक्षिणेचे डोंगर उतरून येणारा गरम वारा,
ज्याच्या माथी इन्सब्रुकमध्ये
डोकेदुखीपासून घटस्फोटापर्यंत सगळं मारतात.
पण वाऱ्याला शनिवार-रविवार सुट्टी नसते.

शेवटी एका रात्री थांबलेच,
जिन्यापाशी खुर्ची टाकून, कोट पांघरून.
पाचला खालचं दार वाजलं.
पाच-दहाला सेनादा आली,
फरशी पुसायचं नवं यंत्र ढकलत,
भिंतीला अगदी लागून.
भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर, माझा कण.

तिला आत नेलं. पडदा दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून
ती बराच वेळ बघत राहिली.
हा एकटाच?
एकटाच.
आणि मी आले की याला कळतं?
कळतं.
मला वाटलं, हसेल.
अकरा वर्षं या मजल्यावर येतेय, एवढंच म्हणाली,
आणि यंत्राची वायर गुंडाळायला लागली.

मी कार्यालयाला पत्र लिहिलं.
फक्त वेळ बदला, असं.
त्यांनी तिलाच बदललं.
आता ती नदीपलीकडे, रसायनशास्त्राच्या इमारतीत.

आलेख सपाट झाला.
शोधनिबंधात एक वाक्य आलं:
गोंगाटाचा उगम शोधण्यात आला व तो दूर करण्यात आला.
कुणी शोधला, कुणाला दूर केलं, काही नाही.
कर्मणी प्रयोग.
आमच्या प्रयोगशाळेत हा एकच प्रयोग
कधी फसत नाही.

मार्चअखेर माझा करार संपतो.
सहा वर्षांपुढे नियमात बसत नाही,
नियम दाखवणाऱ्या बाईंनाही वाईट वाटलं.
खोकी बांधायला येतो, कोर्बिनियान म्हणाला.
आणि थोडं थांबून:
खिडकीजवळचं टेबल मग मी घेऊ का?
घे म्हटलं. तिथून डोंगर दिसतो,
आणि चारनंतर पडद्यावर ऊन येतं, तेवढं सांभाळ.

कण तिथेच आहे. त्याला कुणाचाच करार माहीत नाही.

रात्री कधी कधी मी जुन्या नोंदी उघडते,
छापायला चालल्या नाहीत, त्या.
सोमवारचा खड्डा. मंगळवारचा.
बुधवारी काही नाही; नातू तापाने फणफणला होता,
असं तिने नंतर सांगितलेलं.
गुरुवारी पुन्हा आहे,
पण पाच वाजून सतरा मिनिटांनी.
बर्फ पडलं असणार.