पांढरी, खड्डा क्रमांक तीन

बोरी नदीच्या वळणावर गावाची पांढरी.
अमळनेरची एसटी फाट्यावर सोडते,
पुढे पऱ्हाट्यांतून चालत.
चौथ्या दिवशी, राखेच्या थराखाली
ती लागली: उताणी, डोकं उत्तरेला,
उशाशी उपडं वाडगं.

मी ब्रशने एकेक सांधा मोकळा करत गेलो.
मणक्यांना कडेकडेने चोची फुटलेल्या,
खालचे दोन एकमेकांना धरून एक झालेले.
उजवा गुडघा मात्र
जात्याच्या खुंट्यासारखा गुळगुळीत,
उन्हात धरला की डोळ्यांवर तिरीप.
कूर्चा संपली की हाड हाडावर घासतं,
तेव्हा येते ही झिलई.
आमच्या तक्त्यात तिला रकाना आहे.
मी खूण केली. स्त्री. पस्तीस ते पंचेचाळीस.

पुंजाबाई पाटी उचलायला आली, थांबली.
पायाचा अंगठा बघितला तिने,
त्याचा फुगलेला सांधा.
"हाई ते दयनारी शे, माय व!"
आणि तिथेच गुडघे टेकून, चवडे मुडपून
दाखवलं: दगड पुढे, दोन्ही हातांनी रेटायचं,
अख्खं अंग पुढे जातं, मागे येतं.
(जातं तेव्हा नव्हतंच.
हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.)

उठताना तिचा गुडघा कडकन वाजला.
खड्ड्यात सगळ्यांनी ऐकलं.
"दुखतो?"
"दुखस. बशी ऱ्हायनं का जास्ती दुखस."

दुपारभर तेच डोक्यात.
झिलई यायला वर्षं लागतात.
निजून राहिलेला पाय चमकत नाही.
म्हणजे ही नदीवर जात होती,
ठणका घेऊन, काठी घेऊन,
नाहीतर कुणाच्या खांद्यावर हात ठेवून.
तो खांदा कुठल्या खड्ड्यात आहे
आम्हाला ठाऊक नाही.
असला तरी
खांद्याच्या हाडावर हाताची खूण राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली
तर तिच्या गुडघ्यावर रुईचं पान.
तव्यावर शेकलेलं, कडेने काळं,
एरंडेलाचा वास अजून.
सर यायच्या आत उचलायला हवं होतं:
नियम साधा आहे,
थरात आजचं काही मिसळू द्यायचं नाही.
पुंजाबाई पलीकडच्या खड्ड्यात
पाटी भरत होती, माझ्याकडे पाठ.

मी वहीत लिहिलं: पान, एक. अलीकडचं.
मग ताडपत्री पुन्हा ओढून घेतली
आणि चहा होईपर्यंत
तिथेच बसून राहिलो.