बिब्ब्याची खूण

क्लबाच्या टेनिस कोर्टावर आता मंगल कार्यालय आहे.
तिथले टेबलक्लॉथ माझ्याकडेच येतात धुवायला,
गठ्ठ्यानं, हळदीचे, आमटीचे.
मॅनेजरला ठाऊक नाही,
जिथं तिसरी पंगत बसते
तिथं जाल सुखाडवाला पालथा पडला होता,
मिलचा विव्हिंग मास्तर, वय एकोणतीस,
पांढऱ्या पाटलोणीत, एक बूट निघालेला.

लढाई लागायच्या आदल्या वर्षीची गोष्ट.
सोलापुरात तेव्हा दुसरं बोलणं नव्हतं.
एजंटशेठचा धाकटा, पुरुषोत्तम, पिंजऱ्यात उभा.
मुंबईहून मेलनं बॅरिस्टर उतरला,
पुस्तकांच्या पेट्या नऊ, हमालांनी मोजल्या.
कोर्टाबाहेरची भजी अकराच्या आत संपायची.
भोंगा झाला की पहिली पाळी थेट तिकडेच.
खुर्च्यांवर मोटारीतून आलेल्या बायका,
व्हरांड्यात आमचे लोक, उकिडवे.

पुरावा एकच.
रोलरखाली सापडलेला रुमाल,
कोपऱ्यात बिब्ब्यानं काढलेली खूण.
म्हणून बोलावलं माझ्या आज्जाला.
निंगाप्पा मडिवाळ, धंदा धोब्याचा,
मराठी तोडकी, शपथ कन्नडात.
"ही खूण तुझी?"
आज्जानं रुमाल उजेडाकडं धरला,
वास घेतला म्हणतात, लोक हसले,
मग म्हणाला, "अल्ल, साहेब. माझी न्हाई."

दोन्ही असेसर म्हणाले, निर्दोष.
गाव म्हणालं, परटानं पैसे खाल्ले.
तळ्याकाठचा त्याचा दगड
रात्रीत कुणीतरी पाण्यात ढकलला.

त्या घराकडं महिन्याचे सात आणे निघत होते.
तेही बुडाले.

मला खुणा शिकवताना बोलला एकदाच,
इस्त्रीत कोळसे भरत, मान वर न करता:
तीन ठिपके म्हणजे शेठचं घर.
ठिपक्यांखाली आडवी रेघ म्हणजे
सरयूबेनचे कपडे, वेगळे भिजवायचे.
सरकारी वकिलाला ठिपके दिसले.
रेघेचं कुणी विचारलंच नाही.

मग तिनं मारलं का, आज्जा?
"रक्त थांबवायला दाबून धरला असंल रुमाल.
नसंल बी.
कापड तेवढं सांगत नसतंय बे."

ती निकालादिवशी त्याच मोटारीत बसली,
पुरुषोत्तमच्या शेजारी, आणि घरी गेली.
हे आज्जानं पाहिलं, कोर्टाच्या फाटकाजवळून.
त्यानंतर त्या घरची धुणी आमच्याकडं आली नाहीत.
पोलकी नाहीत, चादरी नाहीत.
पुढचं काही कळायला
आज्जाकडं दुसरी वाट नव्हती.

मी कागदी चिठ्ठ्या स्टेपल करतो.
तीन ठिपके, खाली रेघ,
ही खूण तरी कुणाला द्यायची नाही म्हणून
वहीचं पहिलं पान कोरं ठेवलंय, सवयीनं.

काल मॅनेजर विचारत होता, डाग निघतील ना?
हळदीचा उन्हात जातो, म्हटलं.
रक्ताचा असेल तर गार पाण्यात, लगोलग,
गरम पाणी लागलं की बसला कायमचा.
तो हसला.
रक्त कशाला असंल, म्हणाला,
लग्न होतं ना.