दोन लाख पानं

मानेवाड्यात, तिसऱ्या माळ्यावर, पत्र्याखाली
कूलरचं तोंड मी स्वतःकडून काढून
मशीनकडे वळवलं.
बाहेर सेहेचाळीस. आत ग्राफिक्स कार्ड त्र्याऐंशीवर.
दोघांतल्या एकानंच तापायचं तर मी तापतो,
त्याचे चौदा हप्ते बाकी आहेत.

गोष्ट साधी. एक आजी, एक अस्वल,
पहाटे एकाच मोहाखाली फुलं वेचायला येतात.
चाळीस मिनिटं, गोंडीत,
कोरचीकडच्या अंगणवाड्यांसाठी, जून संपायच्या आत.
वीजबिलाच्या पाठीवर गुणाकार केला:
सत्तावन हजार सहाशे चित्रं,
चित्रामागे पाच मिनिटं.
दोनशे दिवस.

सीताबर्डीचा दुकानदार बारई म्हणाला,
नवीन कार्ड घे ना बे, काऊन जीव काढून राहिला.
मी कापायला बसलो.

प्रकाशाच्या उड्या बारावरून चारवर आणल्या.
मागचा डोंगर एकदाच काढून
पडद्यासारखा टांगून दिला.
अस्वल एकाआड एका चित्रातच हलेल,
तसंही ते कुठं घाईत असतं.
किरण कमी केले, तर अंधारात दाणे उठले,
काळ्या फरशीवर रवा सांडल्यासारखे,
आणि फाईल फुगत गेली.
आवळणाऱ्याचा हिशेब सरळ असतो:
जे हललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही.
पण बिचाऱ्याला दाणा कळत नाही,
दर दाणा त्याला नवी बातमी वाटतो.
दाणे पुसले.
आजीच्या पापण्याही काढल्या.
ती गप्प बसते तिथे एकच चित्र ताणून भागवलं,
कोण बघतंय.

एकोणीस मेला दुपारी लाईन गेली.
तोवर मी सरळ सलग व्हिडिओच काढत होतो.
सव्वादोन दिवस, आणि हातात
न उघडणारी एक फाईल.
तेव्हापासून एकेक चित्र सुटं ठेवतो.
गेलं तर एकच जातं.

एवढं करून अडीच मिनिटं. शंभर दिवस.
झाडच ऐकेना.
दोन लाख पानं होती त्याला.
दर पानाला वारा, दर पानाची सावली
खालच्या पानावर, त्याची त्याच्या खालच्यावर.
दोन महिने घालवले होते मी त्यांच्यावर.
आल्यागेल्याला आधी झाड दाखवायचो,
गोष्ट नंतर.

सुकमाबाई नैताम सुनेला घेऊन मेडिकलला आल्या होत्या,
तिथून जिने चढून माझ्याकडे.
सेविका त्या, फिल्म त्यांच्याच पोरांसाठी.
पदरानं मान पुसत बारा सेकंद पाहिलं.
मोव पडते तवा झाडाले पान कुठी रायते जी?
मी काहीच बोललो नाही.
नागडं रायते झाड, त्या म्हणाल्या,
पान मंग येते, लाल लाल.

जिना उतरताना थांबल्या.
अन् ते बुढी डोळा काऊन नाई मिटत?
मेली हाय का?

त्या रात्री पानं निवडली सगळी
आणि एक कळ दाबली.
दोन महिने एका बोटात गेले.
उरल्या फांद्या, त्यांच्यामधून आभाळ,
आणि खाली मातीवर
आजवर पानांच्या सावलीत दिसलीच नव्हती
ती फुलं.
चित्राला अर्धं मिनिट.
वीस दिवस.

मग पापण्या.
चारशे वेळा मिटायला हवी ती, दर वेळी सहा चित्रं.
चोवीसशे चित्रं वाढली, वीस तास वाढले,
फाईलमध्ये चार एमबी.
हे बारईला सांगितलं नाही.

पहिली पापणी पहाटे चारला सुरू झाली.
अर्धी खाली. अजून थोडी. मिटली.
तीन मिनिटं लागली तिला उघडायला.
मी बसून पाहत होतो.
कूलरमधलं पाणी
केव्हाच संपलं होतं.