मोड

हडर्सफील्डच्या चर्चमागचा हॉल,
महिन्यातला दुसरा शनिवार.
लांब टेबलांवर टोस्टर, शिलाई मशीन,
आणि एक रेडिओ, जो म्हणे
फक्त क्रिकेटच्या वेळी खरखरतो.
मी दाराशी बसून नावं लिहून घेते.
पेचकस हातात धरायची
मला जरा लाज वाटते.

मिसेस ब्रिअर्ली किटली घेऊन आल्या
पंच्यात गुंडाळून,
दवाखान्यात मांजर आणावं तशी.
मी लांबूनच ओळखली.
मुठीवरचा तो अंगठ्यापुरता खळगा:
तीन महिने मातीत अंगठा दाबदाबून
मीच तो शोधला होता.
'चार वर्षं कसली तक्रार नाही,' त्या म्हणाल्या,
'मंगळवारपासून आधण येईना, एवढंच.'

क्लिफ्टनने ती उलटी केली.
चाळीस वर्षं त्याने गिरणीतले माग
खोलले आणि परत जोडले.
तळावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं,
दार नसलेल्या घराला फेरी घालावी तसं.
'स्क्रूच नाहीत. चिकटवलंय.
कोणाला तरी वाटलं असेल,
आत कधी कोणी येणारच नाही.'

कोणाला तरी.
सहा वर्षांपूर्वीची मीटिंग:
तीन स्क्रू, की सरस?
नगामागे चौदा पेन्सचा फरक,
शिवाय तळ कसा गुळगुळीत, अखंड.
'अखंड' हा शब्द माझा.
सरसच सरस ठरला,
आणि कोणीतरी बिस्किटांचा डबा
माझ्याकडे सरकवला.

गरम हवा मारत, सुरी सरकवत
पाऊण तासाने तळ सुटला.
जाताना एका कडेला तडकलाच.
आत जळलेली एक वायर,
करंगळीच्या पेराएवढी.
बाकी सगळं ठणठणीत.

मग मी सांगून टाकलं.
मिसेस ब्रिअर्लींनी मला
चष्म्यावरून पाहिलं, बराच वेळ.
'रंग मात्र बरा निवडलास,' म्हणाल्या.

क्लिफ्टनला मी म्हटलं,
आमच्याकडे तुटक्या भांड्याला मोड म्हणतात,
सोनाराकडे द्यायच्या जुन्या बांगडीला मोड,
आणि भिजवलेल्या मटकीला
रात्रीतून जो फुटतो,
त्यालाही मोडच.
त्याने ऐकून घेतलं.
'छान आहे,' म्हणाला.
'आता जरा ती चिमटी दे.'
मी दिली. मग वायरचं दुसरं टोक
मीच धरून उभी राहिले.

सोमवारी नव्या ड्रॉइंगवर
तळाला तीन बारीक वर्तुळं काढली.
ग्रॅहमने विचारलं, हे काय?
म्हटलं, क्लिफ्टनला आत यायला.
क्लिफ्टन कोण?

चौदा पेन्स अजून टेबलावर आहेत.
बिस्किटांचा डबाही आहे,
पलीकडच्या टोकाला.