तीनशे चौसष्ट

माझे वडील, हनोख झिराडकर,
सांगलीत वजनमापे निरीक्षक.
मार्केट यार्डात त्यांची सायकल दिसली
की पेढ्यांवरची पोकळ वजनं
गोणपाटाखाली जात.
पप्पा आधी गोणपाटच उचलत.

आमच्या पोथ्यांत एक फिर्यादी देवदूत आहे.
पृथ्वीवर येरझाऱ्या घालतो
आणि वर जाऊन कळवतो :
याला एकदा तोलून बघा.
“वाईट नाही रे तो,” पप्पा म्हणत,
“खात्यातलाच माणूस.”

त्याच्या नावातली अक्षरं मांडली
तर बेरीज भरते तीनशे चौसष्ट.
उरलेल्या एका दिवशी त्याची सही चालत नाही.
तो आमचा दरफाळणीचा सण :
दार बंद, कपडे पांढरे, घशाला कोरड.
शेजारच्या आक्का विचारत,
झिराडकरांच्यात कोण गेलंय का?

त्या वर्षी दुपारी
पायरीवर कुणी बसल्यासारखं वाटलं.
पप्पांनी फटीतून पाहिलं. बराच वेळ.
मग सणाला शिवायची नाही ती पेटी काढली,
सरकारी पितळी वजनं,
आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले,
पन्नास ग्रॅमचं तर तीनदा.

बाबगोंडा मगदूमचं दुकान त्यांनी सील केलं होतं.
काटा बरोबर होता,
हे फक्त त्यांना ठाऊक होतं.
आणि पायरीवरच्याला.

चांदण्या दिसल्यावर दार उघडलं.
पायरीवर चिमूटभर हळद.
आईनं सरबताचा पेला पुढे केला,
तो तसाच तिच्या हातात राहिला.
पप्पा सायकलची हवा बघत होते.